यादीत नाव घालणारी माणसं : प्रस्तावना

अमेरिकेत मतदार यादीसाठी कोणी घरी येत नाही. नव्याने नागरिक झालेल्या मराठी माणसाच्या ही गोष्ट पहिली काही वर्षं लक्षातच येत नाही, आणि ही पुस्तिका लिहावी लागली ती मुख्यतः त्यामुळे. आपण वाढलो त्या गावांत आणि शहरांत शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई यादीचे कागद घेऊन दारात यायच्या. अठरा पूर्ण कोणाला झाली, लग्न होऊन कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं, हे सगळं विचारून लिहून न्यायच्या. तरीही नावं गळायची. मतदानाच्या दिवशी ‘यादीत नावच नाही’ म्हणत केंद्रावरून परतलेला एक तरी माणूस प्रत्येक आळीत असायचा. पण तो संतापलेला असायचा, कारण यादी नीट ठेवणं हे सरकारचं काम आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नसायची.

इथे ते काम नागरिकाचं आहे. अर्ज त्यानेच मिळवायचा, भरायचा आणि मुदतीत पोचवायचा. घर बदललं की पुन्हा तेच. मुदतही सगळीकडे एक नाही. टेक्ससमध्ये ती मतदानाच्या ३० दिवस आधी संपते, न्यू जर्सीत २१ दिवस आधी. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवशीही नाव घालता येतं, आणि नॉर्थ डकोटात नोंदणी हा प्रकारच नाही. १९९३ च्या कायद्याने वाहन परवान्याच्या कार्यालयात नोंदणीची सोय झाली, ओरेगॉनने २०१५ मध्ये नोंदणी आपोआप होण्याचा कायदा केला आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तो मार्ग घेतला. तरी २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर जनगणना विभागाने केलेल्या पाहणीत मतदानाच्या वयाच्या नागरिकांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनीच आपलं नाव नोंदलेलं असल्याचं सांगितलं. म्हणजे चारातला एक जण यादीच्या बाहेर. त्याच पाहणीत देशभरातलं मतदान सुमारे ६७ टक्के होतं, आणि आपण ज्यांच्यात मोजले जातो त्या आशियाई नागरिकांचं सुमारे ६० टक्के.

हक्क आहे आणि नाव नाही, या दोहोंमध्ये जी जागा उरते तिथे एक टेबल मांडलेलं असतं. ग्रंथालयाच्या दारात, कॉलेजच्या आवारात, चर्चच्या ओसरीत, शेतकरी बाजारात. टेबलावर अर्ज, पेनं आणि एक फलक. मागे दोन माणसं, बहुधा निवृत्त शिक्षिका किंवा विद्यार्थी. ती पगार घेत नाहीत आणि कोणाला मत देणार हे विचारत नाहीत. या पुस्तिकेचा विषय ती माणसं आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपण बसावं ही आमची इच्छा आहे.

नोंदणी मुळात आली कुठून हे थोडक्यात सांगतो. मतदारांची नोंदणी करण्याचा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने १८०० मध्ये केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक राज्यांनी तोच रस्ता धरला. बनावट मतं थांबवणं हे कारण खरं होतं. शहरांत येऊन दाटलेल्या स्थलांतरित मजुरांना मतपेटीपासून लांब ठेवणं हेही कारण तितकंच खरं होतं. नोंदणीचं कार्यालय कामाच्या वेळातच उघडं असेल तर कोण येऊ शकेल आणि कोण नाही, हे ठरवायला वेगळा नियम लिहावा लागत नाही. अर्जाची ही चौकट जिथे जिथे आली, तिथे ती ओलांडायला मदत करणारी माणसंही मागोमाग उभी राहिली.

त्यांतली एक जुनी आणि आजही चालू असलेली संस्था म्हणजे लीग ऑफ विमेन व्होटर्स. १४ फेब्रुवारी १९२० रोजी शिकागोत कॅरी चॅपमन कॅट यांच्या पुढाकाराने तिची स्थापना झाली. स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती मंजूर व्हायला तेव्हा अजून सहा महिने होते. मत मिळणार हे दिसत होतं, पण लाखो स्त्रियांनी मतपत्रिका कधी पाहिलेली नव्हती. त्यांना ती वाचायला शिकवणं हे लीगचं पहिलं काम. कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, विरोधही करायचा नाही, हा दंडक तेव्हापासून आहे. तो किती कडक आहे हे १९८८ मध्ये दिसलं. अध्यक्षपदाच्या उमेदवारांचे जाहीर वादविवाद १९७६ पासून लीग भरवत होती. दोन्ही पक्षांच्या प्रचारकांनी आपसांत ठरवलेल्या अटी लादायला सुरुवात केली तेव्हा, मतदारांच्या फसवणुकीत आम्ही भाग घेणार नाही असं सांगून लीग बाजूला झाली. देशभर दाखवला जाणारा मंच तिने सोडला. आणि हेही सांगायला हवं की सुरुवातीच्या अनेक शाखांत काळ्या स्त्रियांना जागा नव्हती. पक्षनिरपेक्ष असणं म्हणजे सर्वांसाठी असणं नव्हे, हे त्या संस्थेला फार उशिरा उमगलं.

सर्वांसाठी असणं म्हणजे काय ते पाहायचं तर साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या जॉन्स आयलंडला जायला हवं. या पुस्तिकेसाठी जे जे वाचलं त्यात माझ्या मनात सर्वांत खोल गेलेली हकिगत ही आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

ईसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ त्या बेटावरून चार्ल्सटन शहरात कामाला जाणाऱ्या मजुरांना आणि मोलकरणींना नेणारी बस चालवत. नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा नोंदणी अधिकाऱ्यासमोर वाचून दाखवावा लागे. बेटावरच्या काळ्या वस्तीत लिहिता-वाचता येणारी प्रौढ माणसं थोडी. बसमधल्या एका बाईंनी जेंकिन्सना सांगितलं, मला शिकवाल तर मी नाव नोंदवीन. जेंकिन्सनी बसमध्येच, प्रवासी गोळा होईपर्यंतच्या वेळात, घटनेतला तो उतारा समजावायला सुरुवात केली. बाईंनी ऐकून ऐकून तो पाठ केला आणि अधिकाऱ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवला. नाव यादीत गेलं. पण पाठ म्हणणं निराळं आणि वाचणं निराळं, हे त्यांनाच सलत राहिलं. मला खरोखर वाचायला शिकायचंय, असं त्यांनी पुन्हा जेंकिन्सना सांगितलं.

याच सुमारास सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेची नोकरी गेली. त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी याच बेटावर शिकवायला सुरुवात केली होती, आणि चाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९५६ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं, कारण काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचं सदस्यत्व सोडायला त्या तयार नव्हत्या. निवृत्तिवेतनही गेलं. टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेत मायल्स हॉर्टन यांनी त्यांना काम दिलं, आणि तिथून जेंकिन्स, क्लार्क आणि हॉर्टन यांनी मिळून जानेवारी १९५७ मध्ये बेटावर प्रौढांचा वर्ग सुरू केला. जागा होती सहकारी दुकानाच्या मागची खोली. पुढे किराणा, म्हणजे आत वर्ग चालतो हे रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्या माणसाला कळू नये.

शिकवायला कोण? क्लार्क यांनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना निवडलं. त्या केशभूषा आणि शिवणकाम करत. शिक्षिका नव्हत्या, आणि म्हणूनच हव्या होत्या. शिक्षक मोठ्या माणसांना लहान मुलांसारखं वागवतील ही क्लार्कना भीती होती. शिवाय केशभूषा करणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं काळ्या वस्तीतलीच, तिची रोजी कोणा गोऱ्या मालकाच्या हातात नव्हती. पहिल्या दिवशी रॉबिन्सन यांनी जमलेल्यांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कोणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कोणाला बायबल वाचायचं होतं, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तेच धडे झाले, आणि त्यातूनच पुढे नोंदणीचा अर्ज. १९६१ मध्ये हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हाती घेतलं. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात गावोगावचे शिक्षक तयार होऊ लागले, आणि १९७० पर्यंत दक्षिणेत अशा जवळपास ९०० नागरिकत्व शाळा भरल्या.

मराठी वाचकाला हे वाचताना पुण्याची आठवण होणारच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध केलं ते काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्यांच्या मनात आशा होती ती अमेरिकेकडून आपण काही शिकावं याची. वंशावरून मत नाकारता येणार नाही असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती तेव्हा तीनच वर्षांची होती. पुढच्या काही दशकांत दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरता चाचण्या आणि मतदान कर लावून ती कागदावर कशी उरवली, हे पाहायला जोतीराव नव्हते. मताचा हक्क मिळवण्याचं काम पुन्हा करावं लागलं, आणि ते बेटावरच्या दुकानामागे, पाटी-पेन्सिलीपासून सुरू झालं. ज्या घरांत फुल्यांची तसबीर लावलेली असते त्या घरांतल्या माणसांना हे टेबल परकं वाटू नये.

मिसिसिपीत नाव नोंदवण्याची किंमत याहून मोठी होती. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी फॅनी लू हेमर या मळ्यावर राबणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाई रूलव्हिलहून सतरा जणांबरोबर बसने इंडियानोलाला नाव नोंदवायला गेल्या. राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहा, असा प्रश्न आला. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार तो अधिकारी. त्या नापास झाल्या. परतीच्या वाटेवर बसचा रंग शाळेच्या बससारखा फार पिवळा आहे म्हणून पोलिसांनी दंड केला. त्या रात्री, जिथे अठरा वर्षं राबल्या त्या मळ्यातून मालकाने त्यांना बाहेर काढलं. नाव यादीत गेलं ते पुढच्या जानेवारीत, तिसऱ्या खेपेला. १९६४ च्या उन्हाळ्यात सुमारे एक हजार स्वयंसेवक, बहुतेक उत्तरेतले विद्यार्थी, त्याच राज्यात उतरले. सतरा हजार माणसं नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढली, नावं स्वीकारली गेली सोळाशे. जेम्स चेनी, अँड्रू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तिघे तरुण २१ जूनला मारले गेले. मृतदेह मातीच्या बांधाखाली सापडले ते ४ ऑगस्टला. पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट १९६५ रोजी, मताधिकार कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या काळ्या नागरिकांपैकी ७ टक्क्यांहून कमी लोकांची नावं यादीत होती, १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या जवळ गेली.

कायदा झाला त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच काँग्रेसच्या काळात आणखी एका कायद्यावर सही झाली. आपल्यापैकी बहुतेकांचे काका-मामा, आई-वडील किंवा आपण स्वतः ज्या कायद्यामुळे या देशात येऊ शकलो तो स्थलांतराचा कायदा. त्याआधी स्थिती काय होती? १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाही असा निर्णय दिला, आणि त्यानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येकांचं नागरिकत्वही सरकारने काढून घेतलं. तो दरवाजा उघडला १९४६ मध्ये. दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले. म्हणजे आपल्याकडे आज असलेला मतदानाचा अर्ज दोन हातांनी आलेला आहे : एक सौंद यांच्यासारख्या पंजाबी शेतकऱ्यांचा, दुसरा बेटावरच्या त्या बाईंचा. मराठी माणसाचं या देशाकडे लक्ष मात्र याच्याही आधीपासून आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत राहून, पाहून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं ते १८८९ साली. इथल्या स्त्रिया स्वतःच्या संस्था कशा उभारतात आणि चालवतात, याचं सविस्तर वर्णन मराठी वाचकांसाठी त्यांनी केलं. त्या वेळी त्या अमेरिकन स्त्रियांना देशपातळीवर मत नव्हतं. या विषयावरचं मराठी लेखन इतकं जुनं आहे, आणि मधल्या काळात ते फार थोडं झालं, याची खंत वाटते.

आता टेबलाकडे येतो. मी टेक्ससमध्ये राहतो, त्यामुळे जे सांगतो ते इथलं. या राज्यात कोणीही उठून नोंदणीचे अर्ज गोळा करू शकत नाही. काउंटीकडे जाऊन प्रशिक्षण घ्यावं लागतं, शपथ घ्यावी लागते, मग ‘व्हॉलंटियर डेप्युटी रजिस्ट्रार’ असं प्रमाणपत्र मिळतं. शेजारच्या काउंटीत टेबल लावायचं तर तिथली वेगळी नेमणूक. भरलेला प्रत्येक अर्ज पाच दिवसांच्या आत काउंटीत पोचवायचा. न पोचवणं हा गुन्हा आहे. अर्ज देणाऱ्याला पावती द्यायची. अर्ज पूर्ण भरला आहे का हे पाहायचं, पण माणूस मतदानाला पात्र आहे की नाही हा निवाडा आपण करायचा नाही. पहिल्या वर्षी एका आजोबांच्या अर्जावर सही राहिली, ती माझ्या नजरेतून सुटली. त्यांना काउंटीचं पत्र आलं, पुन्हा सगळं करावं लागलं. तेव्हापासून पावती फाडण्याआधी सहीवर बोट ठेवून पाहतो.

आमचं टेबल दिवाळीच्या कार्यक्रमात लागतं, गणपतीत लागतं. फराळाच्या रांगेशेजारी बसलं की पहिलं वाक्य ऐकू येतं ते बहुतेक वेळा एकच : ‘आम्ही राजकारणात पडत नाही.’ ते म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. मुलं कोणत्या शाळेत आहेत एवढं विचारतो. मग सांगतो की त्या शाळेचं मंडळ निवडून येतं, शाळेच्या इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे का यावर मतदान होतं, रस्त्याचा, पुराच्या पाण्याचा निर्णय घेणारे आयुक्त निवडून येतात, आणि अशा निवडणुकीत फार थोडी माणसं मत देतात. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या मोठ्या निवडणुकीपुरताच नागरिक जागा राहिला तर गल्लीतला निर्णय दुसराच कोणी घेतो. यानंतर बरेच जण खुर्ची ओढतात.

अडचणी निराळ्याच निघतात. आपली नावं हीच एक. पासपोर्टवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वाहन परवान्यावर फक्त त्याचं पहिलं अक्षर, नागरिकत्वाच्या दाखल्यावर लग्नाआधीचं आडनाव. सगळीकडे एकच नाव लावून घ्या, हा सल्ला आम्ही जवळजवळ प्रत्येकाला देतो. नावावरून स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक आठवते. १९५१-५२ मध्ये देशात १७ कोटींहून अधिक मतदार होते, आणि अमक्याची आई, तमक्याची बायको अशीच नोंद करून दिलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यादीत येऊ दिली नाहीत. स्वतःचं नाव सांगा, हा त्यांचा आग्रह होता. तो तेव्हा कठोर वाटला, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत नावं बाहेर आली. आमच्या टेबलाशी मुलगा किंवा सून आजींचा अर्ज भरायला घेते तेव्हा आम्ही पेन आजींच्या हातात देतो. नाव त्यांनी लिहावं, सही त्यांनी करावी. इंग्रजी वाचता येत नसलं तरी घाबरायचं कारण नाही. मताधिकार कायद्यात १९८२ पासून अशी तरतूद आहे की ज्याला वाचता-लिहिता येत नाही त्याने मतदानाच्या खोलीत आपल्या पसंतीचा मदतनीस न्यावा. फक्त तो मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा. नातवाला घेऊन मत देऊन आलेल्या आजी मी पाहिल्या आहेत.

आणि एक गोष्ट ज्यात चूक परवडत नाही. अर्जावरचा पहिला प्रश्न : तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? एच-१बी व्हिसावरचा तरुण उत्साहाने पेन उचलतो. ग्रीन कार्ड मिळालेल्या काकूंना वाटतं, आता आपण इथल्याच झालो. दोघांनाही तिथेच, स्पष्ट शब्दांत थांबवावं लागतं. नागरिक नसताना नाव नोंदवणं किंवा मत देणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘मी नागरिक आहे’ असं चुकीने लिहून दिल्यामुळे या देशातून जावं लागू शकतं. मदत करण्याच्या भरात कोणाचं आयुष्य उधळू नये. म्हणून या पुस्तिकेत हे प्रकरण सर्वांत आधी घेतलं आहे. मुलांसाठी मात्र चांगली बातमी : टेक्ससमध्ये सतरा वर्षं दहा महिने पूर्ण झाले की अर्ज देता येतो. कॉलेजला जाण्याआधी तो देऊन जावा.

पक्षनिरपेक्ष राहण्याबद्दल थोडं मोकळेपणाने बोलतो, कारण आमच्या स्वयंसेवकांत यावरून सर्वांत जास्त चर्चा झाली. यात कायद्याचा भाग आहे. १९५४ पासून धर्मादाय दर्जाच्या संस्थांना उमेदवाराचा प्रचार करण्यास बंदी आहे, आणि १९६९ च्या कर कायद्याने मोठ्या प्रतिष्ठानांनी पैसे दिलेली नोंदणी मोहीम पक्षनिरपेक्ष असावी, पाच किंवा अधिक राज्यांत चालावी, अशी अट घातली. आपली महाराष्ट्र मंडळं आणि देवळं बहुधा याच दर्जाची आहेत. ती नोंदणीचं टेबल लावू शकतात, उमेदवाराचा फलक लावू शकत नाहीत. पण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. मला स्वतःला ठाम राजकीय मतं आहेत. ती घरी आहेत, जेवणाच्या टेबलावर आहेत. नोंदणीच्या टेबलावर नाहीत. आषाढीच्या वाटेवर पाण्याचा हंडा घेऊन उभा असलेला माणूस तहानलेल्याची दिंडी कोणती हे विचारत नाही. ‘मग कोणाला देऊ?’ असं आजोबांनी विचारलं, की ‘ते मी सांगणार नाही, उमेदवारांची माहिती कुठे मिळेल ते दाखवतो’ एवढंच उत्तर. लीगने २००६ पासून चालवलेलं व्होट४११ हे संकेतस्थळ अशा वेळी उपयोगी पडतं. काही राज्यांत अर्जावर पक्षाचा रकाना असतो. तिथे स्वयंसेवकाने बोटसुद्धा दाखवू नये.

पण तोंड गप्प ठेवलं म्हणजे झालं असं मला वाटत नाही. टेबल कुठे मांडतो यातही बाजू असते. फक्त आपल्यासारखी मतं असलेल्यांच्या वस्तीत बसलो तर अर्जावर काहीही न लिहिता प्रचारच झाला. म्हणून आम्ही देवळाबरोबर गुरुद्वाराच्या, मशिदीच्या आणि चर्चच्या दारातही बसतो, कम्युनिटी कॉलेजातही आणि शेतमालाच्या जत्रेतही. यावर एक आक्षेप वारंवार येतो : ज्याला स्वतःहून नाव घालायचा उत्साह नाही त्याच्या मतात काय अर्थ? या प्रश्नाला मी बेटावरच्या त्या बाईंची गोष्ट सांगतो. उत्साह होता, रस्ता नव्हता. आज इतका क्रूर अडथळा नाही, पण दोन नोकऱ्या करणाऱ्याला, नुकतं घर बदललेल्याला, अर्जाची भाषा न कळणाऱ्याला रस्ता अजूनही सरळ नाही.

हे काम करण्यावरही बंधनं येत राहतात. फ्लोरिडाने २०११ मध्ये भरलेला अर्ज ४८ तासांत पोचवण्याची अट घातली, तेव्हा लीगने त्या राज्यातली नोंदणी थांबवली. न्यायालयाने ती अट रोखली २०१२ च्या मे महिन्यात. आणि आपल्याला सर्वांत जवळचा बदल ऑगस्ट २०२५ चा आहे. दरवर्षी लाखो माणसं शपथ घेऊन नागरिक होतात. २०२३ या आर्थिक वर्षात ती साडेआठ लाखांहून अधिक होती, आणि मेक्सिकोनंतर सर्वाधिक भारतातून आलेली. शपथ संपली की दारातच लीगच्या बायका अर्ज घेऊन उभ्या असायच्या. या देशात माझं पहिलं अभिनंदन त्यांपैकी एकीने केलं होतं आणि माझा अर्जही तिनेच भरून घेतला होता. आता नव्या धोरणानुसार नागरिकत्वाच्या समारंभात हे काम केवळ राज्य आणि स्थानिक निवडणूक कार्यालयांनी करायचं आहे. स्वयंसेवी संस्थांना तिथे जागा नाही. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. अधिकारी प्रत्येक समारंभाला पोचतीलच असं नाही, आणि जो अर्ज त्या दिवशी भरला जात नाही तो पुढे वर्षानुवर्षं राहून जातो. याचा अर्थ एवढाच की ते टेबल आता आपल्या मंडळाच्या सभागृहात, आपल्या ओळखीच्या माणसांनी लावायला हवं.

या पुस्तिकेत राज्यवार मुदती, अर्ज भरण्याच्या पायऱ्या, नेहमी पडणारे प्रश्न आणि टेबल लावण्याआधी घ्यायच्या परवानग्या दिल्या आहेत. नियम बदलतात, म्हणून छापील मुदतीवर विसंबू नका. आपल्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडून प्रत्येक वेळी पडताळून घ्या. पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपलं स्वतःचं नाव यादीत आहे का आणि पत्ता आजचा आहे का, तेवढं पाहा. मग घरातल्या मुलांचं, मग आई-वडिलांचं. टेक्ससमधल्या प्रत्येक स्वयंसेवकाची नेमणूक सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते आणि जानेवारीत नव्याने घ्यावी लागते. येत्या जानेवारीत आमच्याबरोबर काउंटीच्या कार्यालयात या.